ब्रह्मा ग्रह, ध्रुवावरचे आर्य आणि अनादि विश्व : पुण्यातल्या खगोलीय धाडसांचा आढावा

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल सोसायटीच्या नियतकालिकात वेंकटेश बापूजी केतकर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. पहिल्याला केतकरांनी ‘ब्रह्मा’ असे नाव दिले आणि दुसऱ्याला ‘विष्णू’. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, इतका नेमका त्यांचा दावा होता. केतकर १८५४ साली नरगुंदला जन्मले, शिक्षकी पेशात आयुष्य घालवले आणि ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी ग्रहगणित’ हे ग्रंथ लिहून पंचांगाच्या गणिताला आधुनिक आकड्यांची जोड दिली. ब्रह्माचे भाकीतही गणितातूनच आले होते. गुरूच्या उपग्रहांच्या प्रदक्षिणाकाळांत लाप्लासला जसे साधे नाते आढळले, तसेच नाते दूरच्या ग्रहांतही असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे. केतकरांचे निधन त्याच वर्षी झाले. आकडे इतके जवळ आल्यावर त्यांना प्लूटोचे भाकीतकार म्हणण्याचा मोह होतो. पण हिशेब तिथे संपत नाही. ‘विष्णू’ कधीच सापडला नाही. शिवाय, प्लूटोचा शोध ज्या वेधशाळेत लागला तिचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांनी युरेनसच्या गतीतल्या फरकांवरून पृथ्वीच्या सहा-सात पट वस्तुमानाचा ग्रह अपेक्षिला होता. १९७८ मध्ये शॅरन हा उपग्रह सापडल्यावर कळले, की प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास आहे. त्याच्या ओढीने युरेनस-नेपच्यूनच्या गतीत जाणवण्याजोगा फरक पडणे शक्यच नव्हते. म्हणजे लॉवेल यांच्या बाबतीत प्लूटो सापडणे हा योगायोग ठरला. केतकरांच्या बाबतीत निवाडा थोडा निराळा करावा लागतो. नेपच्यून आणि प्लूटो यांच्या प्रदक्षिणाकाळांत ३:२ असे साधे गुणोत्तर आहे, हे पुढे सिद्ध झाले, आणि केतकर ज्याच्या शोधात होते तेही अशाच जातीचे नाते होते. त्यांचा अंदाज अर्धा फसला, पण दिशा पोकळ नव्हती.

खगोलशास्त्राच्या इतिहासात विलक्षण कल्पनांची वाण कधीच नव्हती. केप्लरने १५९६ मध्ये ग्रहांची अंतरे पाच नियमित घनाकृतींत बसवली. विल्यम हर्शेल यांना सूर्यावर वस्ती असावी असे वाटत होते. बुधाच्या आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह आहे, असे लव्हेरिए यांनी १८५९ पासून मांडले आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने त्याची गरजच संपवली. अशा कल्पना केवळ विक्षिप्त म्हणून हसून सोडून देणे सोपे असते. पुण्याचा आणि भोवतालच्या मराठी प्रदेशाचा इतिहास पाहिला तर हसण्यापेक्षा जास्त कामाचे काही हाती लागते. इथे धाडसी कल्पना मांडणारे आणि त्या तपासणारे पुष्कळदा एकाच गावात, कधी एकाच आवारात होते. त्यामुळे प्रत्येक कल्पनेचे पुढे काय झाले, हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

ही सवय जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांच्या काळी प्रचलित असलेल्या तीन कल्पना एकेक करून तपासल्या. पृथ्वीला कोणी तरी खाली आधार दिला आहे, असे म्हटले तर त्या आधाराला कोणाचा आधार, हा प्रश्न संपत नाही. पृथ्वी सतत खाली पडत आहे, असे मानले तर वर फेकलेली हलकी वस्तू जड पृथ्वीला पुन्हा गाठू शकणार नाही. दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत, या जैन मतालाही त्यांनी आकाशात दिसणाऱ्या गतींच्या आधाराने उत्तर दिले. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालू राहावे म्हणून नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

तरीही मेरूभोवतीच्या सपाट पृथ्वीचे पौराणिक वर्णन लोकांच्या मनात टिकून होते. १८३६ मध्ये सीहोरचे मराठी शास्त्री सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणे, सिद्धांतग्रंथ आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची त्यांनी शेजारी-शेजारी तुलना केली. छापील मराठी गद्य तेव्हा बाल्यावस्थेत होते. अशा वेळी एका शास्त्र्याने तिन्ही मते वाचकांपुढे ठेवून तुलनेला वाव द्यावा, ही मोठी गोष्ट होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचा संबंध एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या दोन धाडसी कल्पनांशी आला. नॉर्मन लॉकियर हे सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणारे आणि ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक. तेजोमेघ, धूमकेतू, तारे हे सारे उल्कांच्या थव्यांतून, त्यांच्या परस्पर टकरींतून घडले आहे, असा सिद्धांत त्यांनी १८८७ नंतर मांडला. पुरावा म्हणून त्यांनी तेजोमेघांच्या वर्णपटातल्या ठळक हिरव्या रेषेकडे बोट दाखवले. ती तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे त्यांचे म्हणणे. हे खरे असेल तर रेषेची एक बाजू तरी पसरट, धूसर दिसायला हवी होती.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, कावसजी दादाभाई नायगमवाला शिकवत होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून त्यांनी वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट पुन्हा पुन्हा तपासला आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवले, की ती रेषा प्रत्येक परिस्थितीत बारीक आणि रेखीव दिसते. लॉकियर यांच्या सिद्धांताला हा थेट धक्का होता. ती रेषा नेमकी कशाची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. ती निघाली दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, प्रयोगशाळेत सहजी न मिळणाऱ्या विरळ वायूतली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पथक घेऊन गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही तिथेच होता. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. पुण्याच्या विज्ञानाच्या आठवणींत या माणसाला अजून हक्काची जागा मिळालेली नाही, हे मनाला लागते.

लॉकियर यांची दुसरी कल्पना महाराष्ट्राच्या अधिक जिव्हाळ्याची होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळत असताना, नोव्हेंबर १८७७ मध्ये त्यांनी आणि डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी एक लेख लिहिला. सूर्यावरचे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होतात आणि डाग घटले की पाऊस घटतो, दुष्काळ पडतो, असा त्यांचा दावा मद्रासच्या पर्जन्यमानावर उभा होता. त्याच सुमारास पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची उपासमार, धान्याचे भाव आणि मदतकामांवरची तुटपुंजी मजुरी यांची टिपणे काढत होती. पाऊस का हुकला, याचे कारण आकाशात शोधणे शास्त्राचे काम होते. माणसे का मेली, याचे कारण सभेच्या टिपणांत होते.

पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचा संबंध जगभरच्या आकडेवारीशी जोडून पाहिला. डागांशी असलेले नाते अंदाज बांधण्याइतके भक्कम आढळले नाही. पण त्याच चिकाटीच्या आकडेमोडीतून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबातली सी-सॉसारखी हालचाल त्यांच्या नजरेस आली, आणि १९२४ मध्ये त्यांनी तिला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. एल निन्योची आजची समज याच धाग्यातून विणली गेली आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक त्या स्थलांतराचे नाव अजून सांभाळून आहे.

लोकमान्य टिळकांच्या दोन ग्रंथांइतकी गाजलेली खगोलीय धाडसे पुण्यात दुसरी झाली नाहीत. टिळक डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांच्या हाताखाली गणित शिकले होते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी करतो. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो तो बिंदू, दर ७२ वर्षांनी एक अंश सरकतो आणि एक नक्षत्र ओलांडायला त्याला सुमारे ९६० वर्षे लागतात. वैदिक वाङ्मयात संपात कोणत्या नक्षत्रात असल्याचे सुचवले आहे हे ठरले, की त्या वाङ्मयाचा काळ सांगता येईल, असा ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथाचा पाया होता. टिळकांनी संपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा गोळा केल्या आणि ऋग्वेदाचा मोठा भाग इसवी सनापूर्वी ४००० ते २५०० या काळात नेला. जर्मनीत हेर्मान याकोबी स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच निष्कर्षाला आले होते. व्हिटनी आणि थिबो या संस्कृतज्ञांनी मात्र मूळ वचनांचा अर्थच इतका नेमका लावता येत नाही, असा आक्षेप घेतला.

त्याच वर्षांत पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध करत होते. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या विधानावरून दीक्षितांनी त्या वेधाचा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा काढला. दीक्षितांच्या रीतीची ताकद अशी, की ते एका वचनाचा, एका ताऱ्याचा आणि एका दिशेचा हिशेब मांडतात. वाचक स्वतः तो करून पाहू शकतो, आणि वचनाचा अर्थ वेगळा लावला तर काळ किती बदलेल हेही काढू शकतो. वेधाचा काळ आणि ग्रंथाचा काळ एकच असतो का, हा वाद आजही चालू आहे.

‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) मध्ये टिळक पुष्कळ पुढे गेले. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या उषा, सहा महिन्यांचा देवांचा दिवस आणि तितकीच त्यांची रात्र, ही वर्णने ध्रुवप्रदेशाशिवाय कुठेच बसत नाहीत. म्हणून आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते आणि इसवी सनापूर्वी १०,००० ते ८,००० या काळात हिमयुग आल्यावर त्यांना ते सोडावे लागले, असे त्यांनी मांडले. ध्रुवावरच्या आकाशाचे त्यांचे वर्णन खगोलशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. अडचण भूगर्भशास्त्राची होती. टिळकांनी त्या काळच्या भूशास्त्रज्ञांच्या अंदाजांवर विसंबून त्याआधीचा ध्रुवप्रदेश उबदार मानला. आज बर्फाच्या आणि सागरतळाच्या गाळाच्या अभ्यासातून माहीत आहे, की शेवटचे हिमयुग एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाले, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शिगेला पोचले आणि ११,७०० वर्षांपूर्वी संपले. टिळकांनी जिथे ऊब मानली तिथे कडाक्याची थंडी होती, आणि जिथे हिमयुग आले म्हटले तिथे ते संपत होते. पुण्यातल्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये सप्तसिंधूचा प्रदेश हेच मूळ स्थान आहे, असा ग्रंथ लिहून टिळकांना विरोध केला. स्वतःच्या गावात, इतक्या मोठ्या नेत्याच्या हयातीत असे पुस्तक निघते, हे त्या काळच्या पुण्याच्या वादप्रियतेचे उत्तम लक्षण होते.

पंचांगाच्या बाबतीत मात्र एक वेगळी कल्पना घराघरांत रुजली. केरूनानांनी १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढले. राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या झीटा पिशियम या ताऱ्यापासून मोजावा, हे त्यांचे मत टिळकांनी उचलून धरले. चित्रा ताऱ्याच्या आधाराने राशिचक्र मोजणाऱ्या, सर्वत्र रूढ असलेल्या चित्रापक्षाशी त्याचा सुमारे चार अंशांचा फरक पडतो. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि अधिक महिना काही वर्षी निराळा पडून सण महिनाभर पुढे-मागे होतात. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशींनंतर सरकारी पंचांगाने चित्रापक्ष स्वीकारला. काही मराठी घरांत आणि कोकणातल्या काही गावांत टिळक पंचांग अजून चालते.

या परंपरेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक झगडा जयंत नारळीकर यांचा. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता. विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि सरासरी घनता तशीच राहते. ऐकायला विचित्र वाटणाऱ्या या सिद्धांताचा मोठा गुण असा, की तो स्वतःला कोंडीत पकडू देतो. विश्व सर्व काळी सारखेच दिसले पाहिजे. दूरचा, म्हणजे जुना काळ वेगळा दिसला तर सिद्धांत कोसळला.

जून १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जाहीर झाला. वस्तूचे जडत्व हे दूरच्या साऱ्या विश्वातल्या द्रव्यामुळे येते, हा माखचा विचार त्यांनी गणितात उतरवला. तरुण स्टीफन हॉकिंग यांनी प्रसरणशील विश्वात त्यातल्या काही राशी अनंत होतात, असा आक्षेप घेतला. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. ते विश्वाच्या तप्त आरंभाची, म्हणजे महास्फोटाची, खूण मानले गेले आणि स्थिर स्थितीची बाजू उघडच दुबळी झाली.

दुसरा मोठा आघात भारतातून झाला. गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. चंद्र एखाद्या दूरच्या रेडिओ स्रोतासमोरून सरकतो तेव्हा सिग्नल कसा विझतो, यावरून त्या स्रोताचा कोनीय आकार काढता येतो. शेकडो स्रोतांचे असे आकार मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवले, की पूर्वीच्या काळातले स्रोत आजच्यापेक्षा वेगळे होते. विश्व बदलत आले आहे. पुढे स्वरूप यांचा गट एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राच्या रूपात गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात आला आणि खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण त्यांनी उभी केली. त्याच आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक होते नारळीकर. सिद्धांताचा पुरस्कर्ता आणि त्याच्याविरुद्ध पुरावा देणारा, दोघांच्या संस्था शेजारी-शेजारी वाढल्या.

नारळीकरांनी हार मानली नाही, आणि पुराव्याकडे पाठही फिरवली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी ‘अर्ध-स्थिर स्थिती’चे विश्व मांडले. एका महास्फोटाऐवजी अनेक लहान निर्मितीघटना, दीर्घकालीन प्रसरण आणि त्यावर सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनाने होणारे आकुंचन-प्रसरण. सूक्ष्मलहरी प्रारणाचे स्पष्टीकरण त्यांनी असे दिले, की आधीच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा फेकला आहे. त्याबरोबर त्यांनी कसोट्याही सांगितल्या. १४ अब्ज वर्षांहून खूप जुने तारे सापडले, किंवा मागच्या आवर्तनातल्या, निळ्याकडे सरकलेल्या वर्णपटाच्या अंधुक दीर्घिका दिसल्या, तर महास्फोट अडचणीत येईल. असे काही आढळले नाही. सूक्ष्मलहरी प्रारणातल्या बारीक चढउतारांचे २००३ पासूनचे नकाशे महास्फोटाच्या गणिताशी फार उत्तम जुळले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी हा प्रश्न मिटला. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले, तोवर ते आपली शंका मांडत राहिले. तरुण संशोधकांना महास्फोटाच्या उणिवा शोधायला लावणारा असा प्रतिस्पर्धी देशाला मिळाला, हे भारतीय विश्वशास्त्राचे भाग्यच.

तेच नारळीकर फलज्योतिषाकडे वळले तेव्हा त्यांनी दावा कसोटीला लावण्याचा तोच नियम पाळला. २००८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रात चाचणी घेण्यात आली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका बनवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. एकूण यश ४६ टक्के आले, सर्वोत्तम ज्योतिषाने ४० पैकी २४ बरोबर सांगितल्या. सर्व २०० पत्रिका घेणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर ठरली. नाणे उडवले असते तरी साधारण हेच आले असते. ‘करंट सायन्स’मध्ये मार्च २००९ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. दाव्याची चेष्टा न करता, दावा करणाऱ्यांना सन्मानाने बोलावून घेतलेली ही चाचणी आजही शाळा-कॉलेजांत शिकवावी अशी आहे.

हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या पॅनस्पर्मियाच्या कल्पनेला नारळीकरांनी सर्वांत थेट प्रयोग दिला. जीवाणू धूमकेतूंमार्फत अवकाशातून पृथ्वीवर येतात, असे ती सांगते. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोठवून आणली. एप्रिल २००५ मध्ये प्रयोग पुन्हा झाला. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. मार्च २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले, की १२ जीवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या, त्यांत तीन प्रजाती नव्या होत्या. एकीला हॉइल यांचे, दुसरीला आर्यभटाचे आणि तिसरीला इस्रोचे नाव देण्यात आले. अतिनील किरणांना त्या त्यांच्या जवळच्या प्रजातींपेक्षा जास्त तग धरतात. त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे मात्र यातून सिद्ध होत नाही, हेही इस्रोने त्याच वेळी स्पष्ट केले.

नंतर आर्यभटाच्या नावाची प्रजाती शेतजमिनीत, पिकांच्या मुळांजवळही सापडली आणि तिच्या उगमाचे पारडे पृथ्वीकडे झुकले. दरम्यान प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग पुढे सरकला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत सजीवांची प्रथिने बनवणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही मूलघटक आढळल्याचे जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. रसायने अवकाशातून आली असतील, ही शक्यता बळकट झाली आहे. जिवंत पेशी तिथून आली, याचा पुरावा अजून कोणत्याही नमुन्यात मिळालेला नाही. उंच हवेतल्या जीवाणूचा उगम ठरवण्यासाठी आता त्याच्या पेशीतल्या कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणाशी ताडून पाहावे लागेल.